राखणदार पाऊस

महाबळेश्वरला वर्षाला पाच मीटरांहून जास्त पाऊस पडतो. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, होह नावाच्या नदीचं खोरं आहे; तिथे पडतो साधारण साडेतीन मीटर. नुसते आकडे पाहिले तर कोकणातल्या माणसाने होहच्या पावसाचं कौतुक करायचं काही कारण नाही. पण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला की त्यातली महत्त्वाची गोष्टच निसटते. तो पडतो कसा आणि किती दिवस पुरवून पुरवून पडतो, ते त्या आकड्यात येत नाही.

आपला पाऊस जून ते सप्टेंबर एवढ्यात वर्षाचा हिशेब चुकता करतो. कोसळतो, घाटमाथ्याची माती उचलतो, वहाळांतून नदीत आणि नदीतून खाडीत नेऊन टाकतो. मग आठ महिने आभाळ कोरडं. होहच्या खोऱ्यात ऑक्टोबरात लागलेला पाऊस मेपर्यंत रेंगाळतो. बारीक, थंड, संथ. उन्हाळ्यात तो ओसरला की समुद्रावरून धुकं आत शिरतं आणि झाडांच्या सुईसारख्या पानांवर थेंब होऊन बसतं. त्यामुळे जंगल पुरतं वाळतच नाही. खोऱ्यात कडाक्याची थंडी नाही, होरपळवणारं ऊन नाही, आणि ओल कायमची. अशी थंड हवेची वर्षावनं पृथ्वीवर मोजक्याच किनाऱ्यांवर आहेत.

माझी भाची सिएटलजवळ रेडमंडला नोकरी करते. तिकडची आपली मराठी मंडळी शनिवार-रविवार आला की पाठीवर सॅक टाकून डोंगरात पळतात, त्यांतली ती एक. एप्रिलच्या अखेरीला आम्ही दोघं ओलिंपिक द्वीपकल्पाकडे निघालो. पायवाटेच्या तोंडाशी गाडी लावली तेव्हा सवयीने मी आभाळाकडे बघत उभा राहिलो, सर ओसरली की निघू या हिशेबाने. ती रेनकोटची टोपी ओढून चालायलाही लागली होती. म्हणाली, ‘‘मामा, इथे पाऊस थांबायची वाट बघितली तर फिरणं होतच नाही. चला.’’

या द्वीपकल्पाच्या पश्चिमेला पॅसिफिक, उत्तरेला हुआन दे फुकाची सामुद्रधुनी, पूर्वेला प्युजेट साउंडची खाडी, आणि मधोमध बर्फाचे डोंगर. सर्वांत उंच माउंट ओलिंपस, २,४३२ मीटर. पॅसिफिकवरून येणारे ढग या डोंगरांना अडतात आणि पश्चिमेच्या उतारांवर रिकामे होतात. डोंगरापलीकडे, ईशान्येला, सिक्विम नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला जेमतेम ४० सेंटिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. महाबळेश्वरावरून खाली उतरून माणदेशात गेलेल्या कोणालाही ही पर्जन्यछाया नवी नाही. तरी एका बाजूला शेवाळाने मढलेलं अरण्य आणि त्याच डोंगराच्या आड शेतीला पाटाचं पाणी, हे एकाच दिवसात गाडीतून पाहिलं की डोळे विस्फारतात.

होहकडे जाणारा रस्ता लाकूडतोडीच्या मुलखातून जातो. तोडलेल्या, पुन्हा लावलेल्या, पुन्हा तोडलेल्या रानाच्या कडेला पाट्या असतात: अमुक साली तोड, अमुक साली लागवड. एका वयाची, एका उंचीची झाडं रांगेत उभी. फोर्क्स हे इथलं गाव एके काळी लाकडाच्या धंद्यावर भरभराटीला आलेलं. या पाट्या वाचत राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरलं की फरक कळायला कोणी सांगावं लागत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ साली इथल्या एल्क या मोठ्या हरणांसाठी हा प्रदेश राखीव केला; १९३८ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, १९५३ मध्ये किनाऱ्याची पट्टी त्याला जोडली गेली आणि १९८१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. एल्कचा एक कळप आम्हाला नदीच्या पात्रात दिसला. भिजलेल्या अंगांतून वाफ निघत होती आणि त्यांना आमची काडीचीही फिकीर नव्हती.

जंगलात शिरल्यावर पहिलं जाणवलं ते हे, की पाऊस ऐकूच येत नाही. वर सिटका स्प्रूसचे सत्तर-ऐंशी मीटर उंचीचे माथे, त्यांच्या खाली हेमलॉक, त्यांच्या खाली मोठ्या पानांचे मेपल, आणि मेपलच्या प्रत्येक फांदीवर हातभर जाडीचं शेवाळ. थेंब वरून निघतो तो टप्प्याटप्प्याने झिरपत खाली येतो. कौलांवरचा, पत्र्यावरचा, केळीच्या पानावरचा पाऊस ऐकत वाढलेल्या कानांना हे चमत्कारिक वाटतं. २००५ साली गॉर्डन हेम्प्टन या ध्वनिमुद्रणाच्या जाणकाराने याच वाटेवर, आत पाचेक किलोमीटरवर, शेवाळलेल्या ओंडक्यावर एक छोटा तांबडा दगड ठेवला आणि जाहीर केलं की निदान एवढा एक चौरस इंच माणसाच्या आवाजापासून मुक्त राहू द्या. त्याचा मुद्दा साधा: एवढ्याशा जागेत शांतता राखायची तर भोवतालचे मैलोन् मैल राखावे लागतात.

मेपलवरच्या त्या शेवाळाची गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती शोधणारीचं आडनाव नाडकर्णी. नलिनी नाडकर्णी यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. विद्यार्थिदशेत त्या गिर्यारोहणाचे दोर लावून याच द्वीपकल्पावरच्या झाडांच्या माथ्यांवर चढल्या. त्या काळी जंगलाचा अभ्यास बहुतेक जमिनीवर उभं राहूनच होत असे. वर त्यांनी शेवाळाची जाड गादी उचलून पाहिली. खाली माती होती. पावसा-धुक्यातून आलेले कण, कुजलेली पानं, मेलेलं शेवाळ यांची झाडावरच तयार झालेली काळी माती. आणि त्या मातीत मुळं होती, ती त्याच मेपलची. झाडाने जमिनीतली मुळं ठेवून शिवाय फांद्यांमधून नवी मुळं फोडली होती आणि स्वतःच्या खांद्यावर साठलेल्या मातीतून ते अन्न घेत होतं. १९८१ साली हा शोध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. शेवाळ झाडाला ओझं होतं, असं आपण सहज म्हणून जातो. इथे तर झाड त्याच्यावर जेवत होतं.

‘हॉल ऑफ मॉसेस’ ही सव्वा किलोमीटरची प्रसिद्ध वाट सगळे बघतात, बघावीच. पण मला विचाराल तर खरी जागा तिच्या शेजारची, स्प्रूसच्या रानातली. तिथे एक पडलेलं झाड आहे. पडलेलं म्हणजे संपलेलं, हे आपल्या मनात इतकं पक्कं असतं की त्याच्याकडे नजर जात नाही. मी गुडघ्यांवर बसलो. तळहाताएवढ्या जागेत हेमलॉकची बोटभर उंचीची रोपं दाटीने उगवली होती, शेंडा किंचित झुकलेला. सोबत तीन पानांची अंबुशीची जात, नखाएवढी तांबूस भूछत्रं, आणि पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली वीतभर लांब बिनशंखाची गोगलगाय. तिच्या मानेमागे उजव्या बाजूला एक छिद्र उघडत-मिटत होतं. तो तिचा श्वास. मी बराच वेळ तेवढंच बघत बसलो.

खाली जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांची एवढी गर्दी असते की झाडाचं बी रुजायला जागाच मिळत नाही. पडलेल्या खोडावर ती मिळते. कुजत चाललेलं लाकूड पाणी धरून ठेवतं, अळंबीचे धागे ते मऊ करतात, आणि रोपं त्याच्या पाठीवर वाढत मुळं दोन्ही अंगांनी खाली जमिनीपर्यंत सोडतात. मोठं खोड पुरतं कुजायला शतकं लागतात. ते नाहीसं झालं तरी त्याच्यावर वाढलेले वृक्ष एका सरळ रेषेत उभे राहतात, आणि मुळांच्या कमानींखाली पोकळी उरते. अशा एका पोकळीतून मी वाकून आरपार गेलो. दोन-तीनशे वर्षांपूर्वी तिथे एक झाड आडवं पडलं होतं, याचा त्या पोकळीएवढा नेमका दाखला दुसरा नाही.

आपल्याकडे आंबोलीच्या रानात, कोयनेच्या खोऱ्यातही शेवाळ आहे, झाडांवर वाढणारी अमरी आहेत. ते मी विसरलेलो नाही. पण आपल्याकडे पडलेलं लाकूड वाळवी आणि उष्मा थोड्या वर्षांत मातीला मिळवतात. इथे थंड पाऊस ते सांभाळून ठेवतो. पुढच्या सगळ्या वाटेवर मला हेच दिसत गेलं.

अर्थात नदी काही संत नाही. होह हिमनद्यांतून येते, तिच्या पाण्यात बर्फाने दळलेल्या खडकाची करडी पूड असते, आणि पात्र ती मनाला येईल तसं बदलते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने या जंगलाकडे येणारा एकमेव रस्ताच कापून नेला होता. तो पुन्हा सुरू व्हायला मे उजाडला.

नदीने नेलेली झाडं कुठे जातात, ते रियाल्टोच्या किनाऱ्यावर कळतं. वाळू नव्हे, काळे गुळगुळीत गोटे, आणि भरतीच्या रेषेवर पांढुरके, सोललेले, आख्खेच्या आख्खे वृक्ष एकावर एक पडलेले. काहींच्या बुंध्याचा घेर असा की शेजारी उभं राहिलं तर पलीकडचा माणूस दिसत नाही. मोठी लाट आली की हे ओंडके तरंगतात आणि माणसाला चिरडू शकतात. तशा इशाऱ्याच्या पाट्या आहेत. समोर समुद्रात उभे सुळके, माथ्यावर चार-दोन झाडं घेऊन. कधीकाळी ते जमिनीचाच भाग होते.

दुसरी पाटी त्सुनामीची. पळायचं कुठे, त्याचा बाण. शेजारचं ला पुश हे क्विल्यूट जमातीचं गाव, समुद्राला चिकटून. २०१२ मध्ये कायदा करून उद्यानातली उंचावरची जमीन जमातीला मिळाली आणि गावाची शाळा आता वर टेकाडावर हलली आहे. मुलं आधी हलवली, हे मला फार आवडलं.

ही भीती उगाच नाही. २६ जानेवारी १७०० रोजी रात्री नऊच्या सुमाराला या किनाऱ्यासमोर महाभूकंप झाला. तेव्हा इथे लिहून ठेवणारं कोणी नव्हतं, मग तारीख-वेळ कशी कळली? किनारा एकदम खचला आणि दक्षिणेला कोपॅलिस नदीच्या मुखाशी रेड सीडरची झाडं खाऱ्या पाण्यात जाऊन मेली. त्यांची खोडं अजून उभी आहेत आणि मुळं चिखलात शाबूत आहेत. मुळांतली शेवटची वलयं मोजली तेव्हा कळलं की १६९९ च्या मोसमात ती वाढली आणि पुढच्या मोसमाआधी मेली. आणि पॅसिफिकच्या पलीकडे, जपानात, त्याच जानेवारीत भूकंप न होताच आलेल्या लाटेच्या नोंदी दप्तरांत होत्या. जपानी कारकुनांचं लिखाण आणि अमेरिकेतल्या मेलेल्या झाडाचं मूळ, दोन्ही जुळवून भूकंपाची वेळ निघाली. झाड कुजून गेलं असतं तर ही गोष्ट कोणाला कधी कळली नसती.

तिथून पुढे ओझेटला आम्ही मुक्कामाची तयारी करून गेलो. खाण्याचं सगळं सामान अस्वलाला आणि रकूनला उघडता येणार नाही अशा टणक डब्यात भरावं लागतं. साबण आणि दंतमंजनसुद्धा. ओझेटच्या तळ्यापासून समुद्रापर्यंत पाच किलोमीटर, बराचसा भाग लाकडी फळ्यांवरून. पावसात त्या फळ्या इतक्या निसरड्या होतात की प्रत्येक पाऊल पुरतं टेकवूनच पुढचं उचलायचं. दोन्ही बाजूंना दलदल, त्यात स्कंक कॅबेज या वनस्पतीचे हळदीच्या रंगाचे मोठे फुलोरे, आणि ओढ्यांत काळ्या चहासारखं पाणी. पानांतलं टॅनिन उतरून तो रंग येतो आणि गाळूनही जात नाही. आम्ही तेच प्यालो, चव चांगली होती.

सँड पॉइंटपासून उत्तरेला केप अलावापर्यंत किनाऱ्याने चालायचं ते ओहोटीचं कोष्टक हातात धरून. काही टोकं ओहोटीलाच ओलांडता येतात. जिथे पाणी अडवतं तिथे झाडावर तांबडी-काळी गोल तबकडी लावलेली असते आणि दोर धरून चिखलाच्या कड्यावरून पलीकडे उतरायचं. भाची मोबाइलमधल्या वेळा बघून घाई करत होती. मी खडकांतल्या डबक्यांत अडकलो होतो. हिरवी समुद्रफुलं, बोट लावलं की मिटणारी. जांभळे नि नारिंगी तारामासे. काळ्या शिंपल्यांचे थर, आपल्याकडच्या शिणाण्यांचे भाऊबंद.

याच किनाऱ्यावर, जरा उत्तरेला मकाह उपसागरात, रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ पासून एका खडकावरचे तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. पुन्हा येतील तसे पुन्हा फेकायचे. तारामासा नाहीसा झाल्यावर शिंपले मोकाट वाढले, त्यांनी इतरांची जागा बळकावली आणि खडकावरच्या पंधरा जातींच्या आठच उरल्या. एका जिवावर सगळा शेजार तोललेला असू शकतो, ही कल्पना आज शाळेच्या पुस्तकांत आहे. ती इथल्या ओल्या खडकावर हाताने काम करून सापडली. २०१३ पासून या तारामाशांवर झिजून मरण्याचा रोग आला आणि संपूर्ण पश्चिम किनाऱ्यावर ते प्रचंड संख्येने मेले. म्हणून डबक्यात पाच हातांचा धडधाकट तारामासा दिसला की आम्ही दोघंही एकमेकांना हाका मारत होतो.

वाटेत वेडिंग रॉक्स. खडकांवर कोरलेली चित्रं आहेत: किलर व्हेल, गोल चेहरे, आणि एक शिडाचं जहाज. ज्याने ते कोरलं त्याने युरोपियांचं गलबत याच जागेवरून पाहिलं असणार. पावसाने ओल्या झालेल्या दगडावर रेषा गडद दिसत होत्या.

आणि मग केप अलावा. इथे मकाह लोकांचं ओझेट हे गाव होतं. तीनशे ते पाचशे वर्षांपूर्वी पावसाने फुगलेला उतार सुटला आणि चिखलाने सीडरच्या फळ्यांची लांब घरं आतल्या सगळ्या संसारासकट गाडली. दरड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माळीण आणि इर्शाळवाडी उभी राहिली. त्या क्षणी ओझेटच्या माणसांचं काय झालं असेल, हे मला वेगळं कोणी सांगायला नको होतं. मकाह म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी या दरडीची गोष्ट पिढ्यान् पिढ्या होती. १९७० च्या हिवाळ्यात वादळी लाटांनी कडा खचला, आतून लाकडी वस्तू डोकावू लागल्या, एका फिरस्त्याने ते पाहून जमातीला कळवलं. जमातीने रिचर्ड डॉहर्टी या पुरातत्त्वज्ञाला बोलावलं. पुढे अकरा वर्षं खोदकाम चाललं. कुदळ-फावड्याने भिजलेलं लाकूड तुटलं असतं, म्हणून समुद्राचं पाणी पंपाने चढवून, नळीच्या बारीक धारेने चिखल धुऊन काढला. पंचावन्न हजारांवर वस्तू निघाल्या. चिखलात हवा शिरली नव्हती, म्हणून टोपल्यांचं विणकाम शाबूत होतं. आल्डरची पानं हिरवी निघाली आणि हवा लागताच काळवंडली.

जमातीचा आग्रह होता की वस्तू इथेच राहतील. म्हणून १९७९ मध्ये निआ बे गावात मकाह संग्रहालय उभं राहिलं. तिथे मी ज्या वस्तूपुढे सर्वांत जास्त थांबलो, ती सीडरच्या लाकडात घडवलेला देवमाशाच्या पाठीवरचा पर. त्यावर समुद्री ऑटरचे, म्हणजे पाणमांजराचे, सातशेहून जास्त दात एकेक करून बसवलेले, गरुडासारख्या विजेच्या पक्ष्याची आकृती त्यांनीच रेखलेली. शेजारी हारपून, म्हणजे देवमाशाच्या शिकारीचा भाला, शिंपल्याच्या पात्याचा. १८५५ च्या करारात मकाहांनी जमीन दिली पण देवमाशाच्या शिकारीचा हक्क राखून ठेवला. विसाव्या शतकात देवमासे इतके घटले की त्यांनी आपणहून शिकार थांबवली, आणि १९९९ मध्ये एकदा पुन्हा केली. त्यावरून देशभर रण माजलं. मी स्वतः प्राण्यांच्या बाजूचा माणूस आहे. पण तो दातांनी मढवलेला पर पाहिल्यावर या लोकांना देवमाशाबद्दल प्रेम नाही, असं मी म्हणू शकत नाही.

समुद्री ऑटरची गोष्ट मात्र इथे पाटीवर वाचूनच जीव कासावीस होतो. मऊ लोकरीपायी व्यापाऱ्यांनी त्याला या किनाऱ्यावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पार संपवलं. १९६९ आणि १९७० मध्ये अलास्कातल्या अम्चिटका बेटावरून ५९ ऑटर आणून इथे सोडले. काही लगेच मेले. जे तगले त्यांची संतती आज हजारांत आहे.

संग्रहालयातून निघून आम्ही केप फ्लॅटरीच्या टोकावर गेलो. समोर ताटूश बेट, त्यावर दीपगृह, खाली गुहांत आपटणारं हिरवं पाणी. भाचीने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि केल्प या लांबलचक समुद्रवनस्पतीच्या गुंत्याकडे बोट केलं. एक ऑटर पाठीवर तरंगत होता, छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटत होता, दर दोन-तीन ठोक्यांनी तोंडाशी नेऊन फुटला का ते बघत होता. मी तिला दुर्बीण परत द्यायला विसरलो. ‘‘मामा, एकटा नाहीये तो,’’ ती दंडाला धरून मला हलवत म्हणाली, ‘‘डावीकडे बघा, खडकाच्या मागे आणखी दोन आहेत!’’